गोल दरवाज्यातून डावीकडे

आपण रस्त्याला विचारायचं नाही, रस्त्यानं आपल्याला विचारायचं, हे गुंडू घाडीचं ब्रीद. आणि खोटं कशाला बोला, त्याला ते शोभायचंही. कणकवलीकडचा हा गडी चौऱ्याहत्तर साली बोटीनं बहारीनला उतरला, एका बांधकाम कंपनीची पिकअप त्याच्या हाती आली आणि वर्षाच्या आत मनामा शहरातली गल्लीन् गल्ली त्याला घरचं अंगण झाली. दुसरे ड्रायव्हर वळण चुकले की "मुद्दाम इकडून आणली" असं म्हणून वेळ मारून न्यायचे. गुंडू पोट धरून हसायचा त्यांना. वळण चुकणं हा प्रकार त्याला ठाऊकच नव्हता.

आता गंमत ऐका. या गड्याला मनामाइतकंच लखनौही पाठ होतं, आणि लखनौ त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं!

त्याचं झालं असं की, मनामातल्या नईम मोहल्ल्यात त्याच्या खोलीत हमीद नावाचा लखनौचा शिंपी राहायचा. दिवसभर बाजारातल्या दुकानात अरबांचे झगे शिवायचा, पण जीव सगळा आपल्या शहरातल्या खाण्यावर. संध्याकाळी ताटात तीच मसुरीची डाळ, तोच खुब्झ, म्हणजे अरबांची रोटी. पहिला घास घेण्याआधी हमीद अदबीनं विचारायचा, "फरमाइए गुंडूभाई, आज कहाँ खाएँगे?" आणि मग दोघं निघायचे, तोंडानंच. गोल दरवाज्यातून चौकाच्या बाजारात शिरायचं. थंडीचे दिवस असतील तर तिथंच मख्खन-मलाई. जिभेवर ठेवली की गायब. मग नाकासमोर चालत अकबरी दरवाजा. तिथं भट्टीतून निघालेला केशरी शीरमाल रोटी, आणि सकाळी लवकर पोचलात तर निहारी, म्हणजे रात्रभर मंद आचेवर शिजलेलं मटण, सोबत कुलचा. कुल्फीला मात्र अमीनाबादच. एवढं फिरून येईपर्यंत डाळ कधी संपली ते कळायचं नाही.

गुंडूचा सोमवार कडक. त्या दिवशी मांस-मासळी वर्ज्य, मग तोंडी का असेना! "आज निहारी मफी, सोमवार हाय," तो 'नाही'ला तिथला अरबी शब्द वापरून ठणकावून सांगायचा, आणि हमीद बिचारा निमूटपणे त्याला पुरी-कचोरीच्या दुकानांवरून फिरवून आणायचा. कंपनीतले सदानंद साहेब कामासाठी लखनौला निघाले, तेव्हा कुठं काय खायचं ते गुंडूनंच सांगितलं. साहेब परत आले ते त्याच्यासाठी रेवडीचा पुडा घेऊन. मग काय विचारता! महिनाभर गडी जमिनीला पाय लावत नव्हता.

त्र्याऐंशी साली हमीदची सुट्टी मंजूर झाली. चार वर्षांनी घरी जायचं होतं. तिकीट आलं, पेटी बांधून झाली, आणि नेमकं पोटात आतडं फाटलं. सलमानियाच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, तेही नीट झालं. पण शुद्धीवर आल्यावर विमान गेल्याचं कळलं, आणि हमीदनं भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. जेवण आलं तसं परत जाऊ लागलं. डॉक्टर रागावले, हमीदच्या दुकानातल्या लोकांनी हातापाया पडून पाहिलं. तो एवढंच म्हणायचा, "अब क्या खाना, और किसके लिए खाना."

वॉर्डातली सिस्टर सुनंदा पुण्याची. तिनं गुंडूला बाहेर गाठलं. "मामा, जखम भरतेय, पण अंगात काही उरलं नाहीये त्यांच्या. दोन दिवसांत जेवले नाहीत तर माणूस हातचा जाईल. तुमचं ऐकतात ना ते?"

हमीदशिवाय ती खोली? गुंडूला ती कल्पनाही करवेना. पण तोंडावर दाखवील तर तो गुंडू कसला! "तू काळजी करू नको गो बाय," तो म्हणाला. "आज तो जेवलो नाय, तर माझा नाव बदल."

आत जाऊन तो खाटेशेजारी स्टूल ओढून बसला. कडेला कोंबडीच्या सुपाचा वाडगा आणि खुब्झ तसाच पडला होता. समजूत घालून हा माणूस उठणार नाही, हे गुंडूनं ओळखलं होतं. याला राग आला तरच उठेल.

"चलो हमीदभाई," तो म्हणाला, "आज मैं लेके जाता है. गोल दरवाजा आया. अंदर घुसा. अब डावीकडे, मतलब बाएँ मुड़ने का."

भिंतीकडे तोंड केलेल्या हमीदची पाठ जराशी हलली.

"बाएँ हाथ को अकबरी दरवाजा. दुपार का टाइम है, भूख लगी है. अरे भाई, दो प्लेट निहारी देना! और उसके साथ क्या खाते? हां, कुल्फी देना!"

"लाहौल विला!" हमीद गर्रकन वळला. "गुंडूभाई, आप निहायत बेवकूफ आदमी हैं!" लखनौचा माणूस, शिव्यासुद्धा 'आप' लावून द्यायचा. "बाएँ कहाँ मुड़ गए? सीधे जाना है, सीधे! दोपहर में निहारी कौन देगा आपको? और कुल्फी के साथ?"

"मेरेको तो ऐसाच याद है," गुंडू निर्लज्जपणे म्हणाला. "चमचे से खाते ना निहारी?"

"चमचे से! या अल्लाह!" हमीद कण्हत कण्हत उशीला टेकून बसला. "इधर लाइए वो प्याला. देखिए. कुलचा यूँ तोड़ते हैं. यूँ डुबोते हैं. यूँ..." असं म्हणत त्यानं खुब्झचा तुकडा सुपात बुडवला आणि तोंडात घातला. मग दुसरा. मग तिसरा. दारात उभ्या असलेल्या सुनंदानं तोंडावर हात दाबून धरला, आणि गुंडू मात्र आज्ञाधारक शिष्यासारखा मान हलवत राहिला.

पंधरवड्यानं हमीदला घरी सोडलं. न्यायला अर्थात गुंडूची पिकअप. बाजूला बसलेला हमीद वाळून काटकी झाला होता, पण डोळ्यांत जान होती. दुकानाच्या मालकानं त्याला नवं तिकीट द्यायचं कबूल केलं होतं. गुंडू खुशीत होता. न राहवून त्यानं फुशारकी मारलीच.

"उस दिन कैसा फसाया तेरेको! सब मुद्दाम गलत बोला मैं."

"मालूम था," हमीद शांतपणे म्हणाला.

"क्या मालूम था?"

"नौ बरस में आप एक मोड़ नहीं भूले. और उस दिन पीर था, गुंडूभाई. सोमवार. सोमवार को आपने निहारी माँगी, तभी समझ गया था."

गुंडूचा चेहरा उतरला. "तो फिर खाया कायको?"

हमीद खिडकीबाहेर बघत होता. "आप मेरे शहर में इतनी दूर चलके आए थे. अपना सोमवार तोड़के आए थे. मेहमान को भूखा कैसे लौटा देता? मैं न खाता तो आप खाते?"

त्या सोमवारी सकाळपासून गुंडूच्याही पोटात अन्नाचा कण नव्हता, आणि हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. डोळे भरून आले, समोरचा रस्ता पुसट झाला, तो नुसता गाडी हाकत राहिला.

"गुंडूभाई," हमीद हळूच म्हणाला, "नईम का मोड़ पीछे छूट गया."

समोर समुद्र लागला होता. गुंडूनं बाहीनं डोळे पुसले, नाक ओढलं, आणि छाती काढून म्हणाला, "मालूम है मेरेको. मुद्दाम इधर से लाया."