टाळीचा दुसरा हात

“हात लावू नकोस. मला जमतंय.”

बाईंचं हे वाक्य ऐकल्याशिवाय माझा दिवस जायचा नाही. झटक्यानं उजवी बाजू लुळी पडलेली, तोंड जरासं वाकडं, तरी ब्लाउजचे हूक डाव्या हातानं स्वतःच लावायच्या. मी वाशीमकडची, सातवीत शाळा सुटलेली. नवऱ्यामागं चंडीगडला आले, तर बाईंनी काम दिलं, राहायला मागची खोलीही दिली. त्यांना काही झालं तर आपलं कसं, ही धाकधूक कायम. म्हणून हूक निसटला की माझा हात आपसूक पुढं. मग त्या डोळे वटारायच्या, “काढ हात!”

एके काळी युनिव्हर्सिटीत शिकवायच्या. आता बटाटा सोलायला सुताराकडून पाटाला खिळे ठोकून घेतले होते. खिळ्यावर बटाटा खुपसायचा नि एका हातानं सोलायचा. जेवायला उशीर व्हायचा. पण ती भाजी वाढताना त्यांचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता.

घराबाहेर मात्र पडायच्या नाहीत. महाराष्ट्र मंडळाच्या बायका भेटायला यायच्या नि त्यांच्याशी मोठमोठ्यानं बोलायच्या. त्या गेल्या की बाई म्हणायच्या, “अगं, हात गेलाय माझा. कान नाही गेले.” हसायच्या, नि हसता हसता रडू फुटायचं. डॉक्टर म्हणाले होते, या आजारात असं होतं. पण सगळं रडू आजाराचं नव्हतं, हे मला दिसायचं.

गणपती आले. “मी येत नाही,” बाई म्हणाल्या. “टाळी कशी वाजवू? नि प्रसाद काय डाव्या हातानं घेऊ?”

मोहालीहून त्यांचा मुलगा आला होता. समजुतीनं म्हणाला, “रहने दो ना, मम्मा. प्रसाद मैं घर ला दूँगा.”

एवढं ऐकलं मात्र, बाईंनी काठी उचलली. “माझी हिरवी साडी काढ गं.”

मंडळाच्या हॉलमध्ये आरती सुरू झाली. सगळ्यांच्या टाळ्या, आणि बाईंचा डावा हात नुसताच हवेत. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “हात दे.”

पहिल्यांदाच मागितला हो त्यांनी! मी उजवा तळवा पुढं केला. त्यावर त्या टाळी देऊ लागल्या. “हलवू नकोस, ताल जातो माझा.”

प्रसाद वाटणारे काका त्यांचा डावा हात बघून थबकले. बाई म्हणाल्या, “घाला हो. गणपतीची सोंड कुठल्या बाजूला वळलीय ते बघा आधी.” सगळा हॉल हसला. बाईही हसल्या, आणि त्या दिवशी मागाहून रडू आलं नाही.

मग थंडीत पार्कातही जायला लागल्या. उन्हात पंजाबी आंट्यांमध्ये बसून एका हातानं मटार सोलायच्या. कुणी मदतीला सरसावलं की, “ना जी, मैं कर लूँगी.”

थंडी सरता सरता दुसरा झटका आला. मुलानं त्यांना मोहालीला नेलं. मी भेटायला गेले तेव्हा नर्स चमच्यानं भरवत होती. पदराचं टोक खाली आलेलं, तिनं ते सावरलं. मी वाट बघत राहिले. बाई काही म्हणाल्या नाहीत. ‘हात लावू नकोस’ एवढंसुद्धा नाही.

होळीच्या आधी गेल्या.

यंदा हॉलमध्ये आरती सुरू झाली नि माझा उजवा हात आपोआप पुढं गेला. शेजारी उभी माझी मुलगी कुजबुजली, “मम्मी, ताली बजाओ ना.” मला वाजवता येईना. आरती संपली तरी तळवा तसाच उघडा. काकांना वाटलं, मी प्रसादासाठीच धरलाय. त्यांनी त्यावर खिरापत ठेवली आणि ते पुढं गेले.