सव्वापट अक्षरं

धाकट्या लेकीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं काही केल्या आईच्या मनातून जात नव्हती. दोन दिवसांसाठी पोरगी घरी आली खरी, पण मांडीवर लॅपटॉप आणि ताटातलं अन्न गार.

"एवढं बिघडलंय तरी काय?"

"माझा तक्ता, आई."

दोन वर्षं खपून तिने कंपनीसाठी याद्या आणि हिशेब भरायचा पडद्यावरचा तक्ता घडवला होता, कुठल्याही बनावटीच्या कॉम्प्युटरवर चालणारा. आता काही गिऱ्हाइकांकडे तो वरखाली सरकवला की मधल्या रेघा गायब व्हायच्या. तिच्या मशीनवर मात्र तो अगदी शहाण्या बाळासारखा वागायचा. सोमवारपर्यंत दोष सापडला नाही, तर साहेब तो काढून बाहेरचा तयार तक्ता घेणार होते.

"रेघाच मारायच्या होत्या तर एवढी शिकली कशाला?" असं मावशी फोनवर म्हणाली होती. ते आईच्या जिव्हारी लागलं होतं.

रविवारी दुपारी आई जुन्या कॉम्प्युटरवर वाचनालयाची यादी भरत होती. तक्ता लेकीचाच. चहा घेऊन आलेली धाकटी तिच्या खुर्चीमागे थबकली.

"आई, इथल्या रेघा कुठे गेल्या?"

"जातात अधूनमधून. मोतीबिंदू असणार, डॉक्टरांची वेळ घेतलीय. तुझ्या डोक्याला आधीच ताप, म्हणून बोलले नाही."

"कधीपासून?"

"झाले असतील चार महिने."

धाकटीने कपाळाला हात लावला. "काखेत कळसा म्हणतात तो हाच. अक्षरं मोठी केलीस का गं?"

"सव्वापट. चष्मा शोधावा लागत नाही."

"मी एकपट तपासलं, दुप्पट तपासलं. सव्वापट कोण ठेवतं?"

"तुझी आई ठेवते. बघायचंय ना तुला? उठते."

खुर्ची बळकावून धाकटीने तासाभरात चोर पकडला. सव्वापटीत रेघ पडद्याच्या दोन ठिपक्यांच्या मधे अडकायची आणि शेजारचा चौकोन रंगताना तिच्यावर रंग फासायचा. आता रेघ आधी पुऱ्या ठिपक्यावर बसणार होती, आणि सगळे चौकोन रंगवून झाल्यावरच ओढली जाणार होती. आईने यादी वीसदा वरखाली केली. एकही रेघ गायब झाली नाही. धाकटीने दुरुस्त तक्ता लगेच साहेबांकडे पाठवून दिला.

संध्याकाळी साहेबांचा निरोप आला: गिऱ्हाइकांनी चालवून पाहिला, सगळं ठीक, तक्ता आपलाच राहणार. धाकटीने दोनदा वाढून घेतलं आणि तशीच सोफ्यावर झोपून गेली.

आईने तिच्या अंगावर चादर घातली. आता यायची गरज नाही, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना उद्या कळवलं तरी चालणार होतं. मावशीला मात्र आजच, आत्ताच फोन करायचा, असं ठरवून तिने बाहेरच्या खोलीचं दार ओढून घेतलं.