दिवा चालू होता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, माझं सगळं आपल्याला ठाऊक आहे असं समजणाऱ्या मैत्रिणीलाही नाही. मग तुम्हाला का सांगते? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा 'जाऊ दे, तुझा काय दोष' असं तुम्ही मध्येच म्हणणार नाही, म्हणून. ते मला ऐकायचं नाही.

मी शेतावरचे सौर दिवे विकायचे. सिंदेवाहीकडच्या गावांत, जिथं धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, संपतात आणि लगेच जंगल लागतं. खांबावर एक डबी, वर सूर्याची प्लेट. अंधार पडला की लाल-पांढरा दिवा आपोआप लुकलुकायला लागतो, उजाडेपर्यंत. डुकरं बिचकतात, हरणं बिचकतात. निदान सुरुवातीला तरी.

ते काम मला मनापासून आवडायचं – हे आधी सांगायला हवं. आमच्या भागात डुकरांसाठी कुंपणाच्या तारेत करंट सोडतात. तारेला डुक्कर चिकटतं, तसा वाघही चिकटतो, आणि कधी शेजारचा माणूसही. एक खांब उभा राहिला की एक तार निघेल, असं मला वाटायचं. विकताना माझा आवाज चढायचा तो खोटा नव्हता.

कंपनीच्या पत्रकावर डुक्कर आणि हरीण एवढंच होतं. वाघाचं काय, असं आम्ही प्रशिक्षणात विचारलं होतं. ते तपासलेलं नाही, असं उत्तर मिळालं. आणि गावात कुणी विचारलं तर? विषय बदलायचा.

गावाचं नाव सांगत नाही. विहारासमोरच्या ओट्यावर सभा होती. देवाजीभाऊ पुढंच बसले होते – उंच, वाळका माणूस, खांद्यावर दुपट्टा. त्यांच्या बांधीलाही करंटची तार होती, आणि त्यांनी काढली तर बाकीचेही काढणार, हे मला कळत होतं. ते खोदून खोदून विचारत होते. पावसात चालते काय? माकडानं ओढलं त? मग म्हणाले, "आन वाघ, मॅडम? वाघ बी येत नाई न मंग?"

विषय बदलता आला असता. सगळा ओटा माझ्या तोंडाकडं बघत होता.

"नाही येत, भाऊ," मी म्हटलं. "दिव्याला तोही भितो."

खोटं बोलले का मी? तेव्हा तसं वाटलं नाही. डुकरं आली नाहीत तर त्यांच्यामागं वाघ तरी कशाला येईल – असं मी मनातल्या मनात जुळवूनही टाकलं. देवाजीभाऊंनी तार काढली, गुंडाळून गोठ्यात टांगली. मी त्या गुंडाळीचा फोटो काढून ऑफिसला पाठवला. खूप कौतुक झालं.

पूर्वी ते शेजाऱ्यांबरोबर टिनाचा डबा वाजवत बांधीवर जायचे. दिवा लागल्यावर एकटे जायला लागले. त्यांची सून रंजना मला हसत म्हणाली होती, "मामाजी आता कोनाची वाट नाई पाहत, एकलेच निंगते." मीही हसले. तिथं तरी बोलायचं होतं ना? भाऊ, एकटे जाऊ नका – एवढंच? पण मी ते बोलले असते तर आधीचं मागं घ्यावं लागलं असतं. म्हणून हसले.

धान निसवलं होतं, लोंब्या बाहेर आल्या होत्या. नुकतं फटफटत असताना बांधीच्या धुऱ्यावर, कडेच्या बांधावरच, वाघानं देवाजीभाऊंना धरलं. ते तिथंच गेले.

दुसऱ्या दिवशी मी गावात पोचले. भेटायला जाते, असं घरी सांगून निघाले होते. पण आधी गेले ते बांधीवर. रस्त्यावर वनखात्याची जीप उभी होती, माणसं पलीकडच्या झाडांना कॅमेरे बांधत होती. खांब जागेवर होता. मी ओढणीनं प्लेट झाकली – झाकली की त्याला अंधार झाल्यासारखं वाटतं – आणि दिवा लागला. लख्ख. लाल, पांढरा, लाल. प्लेटवर धूळ होती, पण इतकी थोडी की दिव्याला तिचं काहीच नव्हतं. आणि धान आडवं झालेली ती जागा खांबापासून लांबही नव्हती.

म्हणजे त्या पहाटेही तो लुकलुकत होता. वाघ त्याच्यासमोरून आला होता.

हे पाहून मी त्यांच्या घरी गेले. अंगणात माणसं बसली होती. देवाजीभाऊंची बायको वच्छलाबाई भिंतीला टेकून होती. मुलगा गणेश उठून माझ्याजवळ आला. भांडायला आला असता तर – पण नाही. त्यानं अगदी हळू विचारलं, "मॅडम, लाईट काऊन नसंल लागला?"

माझ्यावर संशय घ्यायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. दिवा लागला असता तर वाघ आला कसा असता? मॅडमनीच तर सांगितलं होतं.

आणि मी – हेच सांगायचं होतं मला, ओट्यावरचं वाक्य नाही, हे – मी म्हटलं, "प्लेट रोज पुसली जात होती का? धूळ बसली की चार्ज होत नाही."

प्लेट पुसायचं काम रंजनाकडं होतं. मीच तिला शिकवलं होतं, ओल्या फडक्यानं. सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या. ती दारात उभी होती.

"पुसली नोती मी," ती म्हणाली. "लेकराले ताप होता."

कुणी ओरडलं नाही. वच्छलाबाईनं तेवढं तोंड फिरवलं. माझ्याकडं अजून वेळ होता. दिवा आत्ताच लागलेला पाहून आले, असं म्हणायला कितीसा वेळ लागतो? शेजारच्या घरून आलेला चहा मी प्याले आणि निघाले.

पुढं नोकरी सोडली, कारण भलतंच सांगितलं. गावात तारा पुन्हा लागल्याचं ऐकलं. ओट्यावर खरं सांगितलं असतं तर तार निघाली असती का, तार राहिली असती तर आणखी कोण गेलं असतं – हे प्रश्न मी बराच काळ घोळवत बसायचे. त्यांत मला उभं राहायला थोडी जागा होती. अंगणातल्या वाक्यात नाही. तिथं मी जंगल वाचवत नव्हते. तिथं मी मला वाचवलं.

गेल्या हिवाळ्यात सिंदेवाहीच्या बाजारात रंजना दिसली. मी वळणार होते, तेवढ्यात तिनंच हाक मारली. बरं हाय न, ताई, म्हणून विचारलं. तिच्या हातात वांग्यांची पिशवी होती, लेकरू आता चांगलं उंच झालं होतं.

"मायच्याच घरी राह्यते आता," ती म्हणाली. "सासू बोलत नाई मायाशी. बराबर हाय तिचं बी. मायाच हातून झालं न."

अगदी साध्या आवाजात म्हणाली. काळजी घे, असं मी म्हटलं आणि बसस्टँडकडं चालायला लागले. बस यायला बराच अवकाश होता. बाकावरून मला ती दिसत होती – भाव करताना, मग पोराचं नाक पुसताना. उठून जाता आलं असतं.

मी बसूनच राहिले.