फळीवरची नोपोको

गोआमा लोहाराबद्दल चांगलं बोलायचं माझ्या जिवावर येतं. मी फुलानी, गुरं राखणाऱ्यांतली. तो मोसी, त्यातून लोहार. आमच्या यातेंगा मुलखात लोहार आणि फुलानी समोर आले की आधी एकमेकांचा उद्धार करतात, मग खुशाली विचारतात. त्याचा राग कुणी धरायचा नाही आणि त्या चेष्टेत तोंडून आलेला शब्द परत फिरवायचाही नाही. तेव्हा आधीच सांगून टाकते, गोआमा हेकट आहे, घुम्या आहे आणि माझ्या दुधात पाणी आहे की नाही हे तीनतीनदा चाखून बघणारा आहे.

बाजरी घरात आली की तो भाता बंद करायचा आणि गावाबाहेर चिंचेखाली लाकूड तासायचा वाकस घेऊन बसायचा. मेलेल्यांसाठी जे मुखवटे नाचतात, ते तोच कोरायचा. बायकांनी तिकडं फिरकायचं नसतं, पण माझी दुधाची वाट जवळूनच जाते. वाकसाच्या आवाजावरून मला कळायचं, आज ओल्या सावरीला हात घातलाय की वाळत आलेल्या लाकडाशी झटापट चाललीय.

नोपोको त्याची आत्या. नवरा वारल्यावर म्हातारपणी माहेरी परत आली. मूलबाळ नाही. लोहारांच्या बायका मडकी घडवतात, तशी तीही घडवायची. तिच्या मडक्याचा काठ एका बाजूला जरासा खाली असायचा, ओतताना दुधाचा थेंब सांडू नये म्हणून. आमचं भांडण रोजचं.

"आली का माझी नात! टेक गुडघे आजीसमोर!"

"कोण नात? तुझ्या अख्ख्या खानदानाला आम्ही मिठाच्या खड्यावर विकत घेतलंय, म्हातारे. मुकाट्यानं मडकं दे."

ती हसायची, तेव्हा मागचे दात पडलेले दिसायचे. मी एकदाही तिला आजी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर त्या दिवशी भांडण संपलं असतं आणि मग आम्ही रोज बोललो असतो का?

एका उन्हाळ्यात ती गेली. पुढच्या वर्षी तिच्या नावानं मुखवटे निघायचे होते. माहेरी परत येऊन म्हातारी झालेल्या बाईसाठी आमच्याकडं करान नावाचा मुखवटा काढतात. खाली चेहरा, वर पुरुषभर उंच फळी आणि फळीच्या टोकावर उभी ती बाई, सगळं एकाच लाकडात. पण लोहारांच्या घरातला सर्वांत थोरला लाले म्हणाला, "फळीवर बाई नको. साधी फळी पुष्कळ झाली."

"का, काका?" गोआमानं विचारलं.

"करान अंगणात येऊन उभा राहतो. दुसऱ्या कुळातल्या नातवंडानं पुढं होऊन 'याबा' म्हणायचं, आजी म्हणून हाक मारायची, मगच तो नाचतो. घरचीच पोरं ओरडली तर आपणच आपली पाठ थोपटल्यासारखं. हिची नातवंडं कुठली आणायची? हाक आली नाही तर मुखवटा तसाच परत फिरतो, आणि मग देवापुढं त्या बाईचं नाव पुन्हा कधी कुणी घेत नाही. चारचौघांत शोभा करून घ्यायची आहे का तिची?"

"मी बाई कोरणार."

"कोर. सरपणाला होईल."

पहिल्या लाकडाला बाईच्या मानेशी चीर गेली. लोक म्हणाले, डांबरासारखा डिंक भर, दिसणार नाही. गोआमानं ते लाकूड उचलून बाजूला ठेवलं. करान नाचताना मान एवढी झुकवतो की फळीचं टोक जमिनीला टेकतं. भरलेली चीर तिथं टिकत नाही. दुसरी सावर माझ्या चराईच्या रानात होती. लालेच्या धाकानं कुणी हात लावायला आलं नाही, तेव्हा हा एकटा खोड ओढत निघाला. मी बघितलं, पोटभर हसले, गाढवाची उपमा दिली आणि माझा बैल जुंपला.

लाकूड तळ्याच्या चिखलात कीड मरेपर्यंत मुरलं, मग गेरू लागला, बाभळीच्या शेंगा उकळून केलेला काळा लागला. तेव्हा एके दिवशी गोआमा माझ्या झोपडीच्या दारात आला. आयुष्यात पहिल्यांदा शिवी न देता आला, तिथंच मी ओळखलं, हा काहीतरी मागायला आलाय.

"कुंबो, तू तिला याबा म्हण."

"मी? अख्ख्या गावासमोर लोहारणीची नात होऊ? माझे मेलेले बाप-आजे गुरं घेऊन माझ्या अंगावर येतील!"

"ती तुला नात म्हणायची."

"चेष्टेत!"

"चेष्टेतलं नातं खोटं असतं असं तुला कुणी सांगितलं?" एवढं बोलून तो उठला. मी हो म्हटलं नाही. त्यानंही पुन्हा विचारलं नाही, मेल्यानं.

मुखवटे निघाले त्या दिवशी मी बायकांत लांब उभी होते. गोआमाच्या मुलानं करान तोंडावर चढवून, त्याची आतली दोरी दातांत धरून आणला, अंगावर काळ्या धाग्यांचा घोळ. अंगणाच्या मध्यावर तो थांबला. ढोल थांबले. लाले जमिनीकडं बघत होता. खरं सांगायचं तर मी मागं सरकत होते. मग माझी नजर वर गेली. फळीवरच्या बाईच्या डोक्यावर मडकं होतं आणि मडक्याचा काठ एका बाजूला जरासा खाली होता.

मी बायकांमधून बाहेर पडले. अंगणात गेले आणि ज्या गुडघ्यांनी तिच्यासमोर कधी वाकायचं नाव घेतलं नव्हतं, ते मातीत टेकले.

"याबा!"

कुणीतरी फिसकन हसलं. लाले पुढं आला. "ही फुलानी. हिचं काय रक्त आहे आमच्यात?"

"तुझ्याच घरच्या बाईनं मला रोज नात म्हटलंय, लोहारा," मी म्हटलं. "आता तिचा शब्द फिरवतोस? की फुलानीच्या बोलण्याचा राग धरतोस? सांग सगळ्यांसमोर."

लाले बाजूला झाला. मग त्यानं ढोलवाल्याला हात केला.

करान नाचला. ती उंच फळी डावीकडं टेकली, उजवीकडं टेकली, कुठं चीर नाही. शेवटी तो माझ्यासमोर आला आणि वाकला. फळीवरच्या नोपोकोचा चेहरा माझ्या चेहऱ्यापर्यंत खाली आला. मी रडले, लाज न बाळगता रडले.

दुसऱ्या दिवशी दूध घेऊन गेले तर गोआमा भात्याशी बसलेला. त्यानं दूध चाखलंसुद्धा नाही.

"काय रे, आज पाणी नाही शोधायचं?"

"घरच्या पोरीचं दूध कुणी चाखून बघतं का?" तो म्हणाला.