आईच्या गळ्यातलं आयोडीन

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे, त्यामुळे मला सगळं कळतं असा घरच्यांचा समज होता. पहिल्या बाळंतपणाला आचऱ्याला माहेरी आले होते. बाळ दीड महिन्याचं असताना आई मुंबईहून औषध पिऊन आली. तिच्या गळ्यातली ग्रंथी नको तेवढं काम करायची. हात थरथरायचे, छाती धडधडायची. डॉक्टरांनी किरणोत्सारी आयोडीन पाजलं आणि आठ दिवस तान्ह्या मुलापासून लांब राहायला सांगितलं.

लांब बसणं आईला नवं नव्हतं. पाळी जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी तिने मागच्या पडवीत गोधडी टाकली, ताट-तांब्या वेगळा घेतला. चौथ्या दिवशी जुन्या सवयीने डोक्यावरून न्हाली आणि म्हणाली, "आता घेव मा नातवाक?"

"हे पाण्याने जात नाही गो."

"आयोडीनच ना ता? म्हावऱ्यात आसता ता?"

तेच, आणि ते नव्हेही. मी समजावू लागले. आयोडीनच्या प्रत्येक अणूत प्रोटॉन त्रेपन्नच, म्हणून गुण सारखे. गळ्याला फरक कळत नाही. पण मासळीतल्यात न्यूट्रॉन चौऱ्याहत्तर, तुझ्या औषधात अठ्ठ्याहत्तर. त्या चार जास्तीच्यांमुळे तो अणू टिकत नाही, फुटतो.

"मगे ते चार काढून टाकूचे!"

ते काढता येत नाहीत म्हटलं, आणि वर शहाणपणाने सांगितलं की दर आठ दिवसांनी ते निम्मं होतं.

"अर्ध्याचा अर्धा, तेचा अर्धा," आई बोटांवर मोजत राहिली. "मगे सरता कधी?"

"तसं पाहिलं तर कधीच नाही," मी म्हणाले.

तिथेच माती खाल्ली. आठ दिवस झाले, महिना झाला, तरी आई पडवी सोडेना. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस संपले म्हटलं तर म्हणायची, "तूच म्हणालंस, सरणा नाय." बाळाकडे दारातून बघायची. मला तिचा राग यायचा, त्याहून माझा. शेवटचा अणू कधी फुटतो हे मलाही सांगता येत नव्हतं; विचार करून डोकं भणभणायचं.

कुडाळला सासरी निघायच्या सकाळी मी तोंडावर सांगितलं, "आई, आज संपलं. सगळं."

ती न्हाऊन आली आणि पदराने केस पुसत माझ्याकडे बघत राहिली.

"खोटा सांगतंस, फटी मारतंस गो, माका कळता," ती म्हणाली. "पण आण त्येका हयसर."