कुलूप काढणारी

नवीन जालन्यात आमच्या वरच्या मजल्यावर एक शिक्षिका राहते. घरातले दिवे, पंखे, कुलूप ती मोबाईलमधल्या एआय मदतनिसाला सांगून चालवते आणि वर्गातल्यासारखं त्याला दरडावते, "समजलं? मंग परत सांग."

सासऱ्यांना विस्मरण होतं, बाहेर पडले की वाट चुकतात, म्हणून ती शाळेत गेली की दाराला आपोआप कुलूप लागायचं. परवा रडण्याचा आवाज ऐकून मी वर गेले, तेवढ्यात तीही शाळेतून आली. सासरे रडत आतून दार ओढत होते. दार उघडून तिनं जिन्यातच बसून मोबाईलला सांगितलं, "आतापासून कुलूप लावू नको. दार उघडलं की मला आन् या काकूंना फोन लाव." मग मला विचारलं, "काकू, चालंल ना?"

आज दुपारी मदतनिसाचा फोन वाजला. बाहेर आले तर तिचे सासरे जिना उतरत होते.

"कुठं निघालात?"

"स्टेशनवर. भाऊ येऊन राह्यला."

मी चपला घालून सोबत निघाले. वाटेत तिचा फोन आला.

"तुम्ही सोबत आहात ना? मंग फिरू द्या त्यांना."