गुरुवारचा धूर

आमच्या तंबूंपासून खालचं गाव लख्ख दिसतं. तल-सिमाक, आमचं गाव. मशिदीचा अर्धा मनोरा, छपरं उडालेली घरं आणि मधल्या शेतांत पुरलेले सुरुंग. लढाई संपली तरी तिकडे पाऊल टाकायची कुणाची छाती नाही.

फिद्दामावशीचा तंबू माझ्या तंबूला लागून. बाई तोंडाची फटकळ, पण तिच्या हातची गरम रोटी खाल्ली की सगळं माफ. आम्ही गावातून पळालो त्या दिवशी तिचा नवरा मुतलक शेळ्या सोडायला मागे राहिला, तो आलाच नाही.

गुरुवारी आम्ही मेलेल्यांच्या नावाने रोट्या भाजून वाटतो. मावशी आईबापाच्या नावाने वाटायची, मुतलकच्या नाही. मी एकदा विषय काढला तर अंगावरच आली.

"तुझ्या नवऱ्याच्या नावाने वाट की! माझा जिता आहे."

तिला तसं वाटण्याचं कारणही होतं. दर गुरुवारी त्या ओसाड गावातून धूर निघायचा, तोही नेमका तिच्या अंगणातल्या तंदूरमधून. आम्ही सगळ्यांनी पाहिलाय. माझ्या अंगावर काटा यायचा आणि मावशी हसायची.

"बघ, आपण मेलो समजून आपल्या नावाने भाजतोय येडा!"

आपण जिवंत आहोत हे त्याला कळावं म्हणून ती मुद्दाम सोमवारी ओली लाकडं घालून धूर करायची. खालून काही नाही. पुन्हा गुरुवारीच.

यंदा सुरुंग काढणारी माणसं गावात पोचली. ती परतली तेव्हा मावशी वाटेतच उभी होती. त्यांचा मुकादम चाचरत बोलला.

"मावशी, तुमचा तंदूर केव्हाचा फुटलाय. आत झुडूप माजलंय, राखेचा कण नाही. गोठ्याच्या दारात शेळ्यांची हाडं आहेत. आणि... एका माणसाची."

त्या गुरुवारी मावशीने कणीक मळली, रोट्या भाजल्या आणि पहिली माझ्या हातावर ठेवली.

"मुतलकच्या नावाने."

आम्ही सगळे खाली बघत होतो. ऊन कलंडलं, तरी धूर निघाला नाही. असं पहिल्यांदाच झालं.

मावशीने उरलेल्या रोट्या फडक्यात गुंडाळल्या.

"मी दिली नाही ना," ती म्हणाली, "म्हणून बिचारा स्वतःच भाजून घेत होता गं."